वितळलेले चाक आणि उभे झाड



आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेवर वाचून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. उन्हे टळल्यावर चार घटका ज्ञानचर्चा ऐकावी म्हणून आपण येथे यावे, आणि वक्त्याने जळक्या मोटारींची कथा लावावी, हे थोडे विचित्रच आहे. परंतु हा विषय आम्ही शोधून काढलेला नाही. तो आमच्या दारी चालत आला.

आमच्या शेजारचा एक तरुण काही दिवसांपूर्वी संध्याकाळी आमच्याकडे आला आणि हातातला मोबाइल पुढे करून म्हणाला, "काका, हे पाहा." चित्र कॅलिफोर्नियातील एका वणव्यानंतरचे होते. रस्त्याच्या कडेला जळून सांगाडा झालेली मोटार. चाकांच्या जागी काहीच नाही. आणि तिच्या पोटाखालून निघून, उताराने वाहत जाऊन थिजलेला, चांदीसारखा चकाकणारा धातूचा ओघळ. तेथून दहा-पंधरा पावलांवर पाइनची झाडे मात्र उभी, आणि त्यांच्या शेंड्यांवर पालाही शिल्लक. चित्राखाली कोणीतरी लिहिले होते, की साध्या आगीने धातू वितळत नाही, आणि वितळला तर झाड वाचत नाही. सबब ही आग नव्हेच, हे आकाशातून सोडलेले गुप्त किरण आहेत.

एवढ्यावर आम्ही हसून विषय सोडून दिला असता. पण त्या तरुणाचा थोरला भाऊ बायकामुलांसह कॅलिफोर्नियातच, डोंगराच्या कुशीतल्या एका गावी राहतो. यानेच त्याला फोनवर सांगितले होते, की घराभोवतीचा पालापाचोळा झाडून काढ, गाडी मोकळ्या जागी लाव. भावाने उलट विचारले, "किरणच सोडणार असतील तर पाचोळा झाडून काय उपयोग?" तो तरुण आम्हांस म्हणाला, "काका, मी त्याला काय उत्तर देऊ?"

ते उत्तर म्हणजे आजचे व्याख्यान. आपल्याकडे वादाची जुनी रीत अशी, की पूर्वपक्ष प्रथम प्रामाणिकपणे मांडावा आणि मग उत्तरपक्षाने बोलावे. ती रीत आम्ही पाळणार आहोत. कारण ज्याला ते चित्र पाहून शंका आली तो मूर्ख नव्हे. त्याने डोळे उघडे ठेवून एक खरोखरीचे कोडे पाहिले आहे. चूक झाली ती कोडे पाहण्यात नव्हे, तर पहिले हाती लागलेले उत्तर उचलण्यात.

प्रथम प्रसंग सांगतो. ८ नोव्हेंबर २०१८ रोजी सकाळी उत्तर कॅलिफोर्नियात एक वणवा पेटला. त्याला 'कॅम्प फायर' म्हणतात. कित्येक महिने त्या भागात पुरेसा पाऊस पडला नव्हता आणि ईशान्येकडून कोरडा, जोराचा वारा सुटला होता. सुमारे सव्वीस हजार वस्तीचे पॅराडाइज नावाचे गाव त्या वाऱ्याच्या वाटेत होते. पंच्याऐंशी माणसे मेली आणि अठरा हजारांहून अधिक इमारती नष्ट झाल्या. गावाबाहेर पडणारे रस्ते मोटारींनी तुंबले. लोक गाड्या टाकून पायी पळाले. चांदीचे ओघळ दाखविणारी पुष्कळ चित्रे त्या टाकलेल्या गाड्यांची आहेत. पुढे ऑगस्ट २०२३ मध्ये हवाई बेटांवरील लाहाइना हे समुद्रकाठचे गाव जळाले, शंभराहून अधिक माणसे दगावली, आणि तेथील मोटारींची चित्रे पाहून हाच वाद पुन्हा उठला.

पूर्वपक्षाचे म्हणणे तीन वाक्यांत येते. धातू वितळला, अर्थात उष्णता अलौकिक होती. झाड वाचले, अर्थात ती उष्णता वणव्याची नव्हती. घर गेले आणि शेजारचे झुडूप राहिले, अर्थात कोणीतरी नेम धरून मारले. ही तिन्ही वाक्ये आपण एकेक करून तपासू.

पहिला प्रश्न असा, की वितळले ते नेमके काय? 'धातू' म्हणून भागत नाही. आपल्याकडच्या ओताऱ्याला विचारा. तो प्रथम हेच विचारील, की बाबा, कोणता धातू? अॅल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळते, आणि मोटारीच्या चाकांसाठी त्याचे जे मिश्रण वापरतात ते तर त्याहूनही खाली, सहाशेच्या आसपासच, पातळ होऊ लागते. तांब्याला १०८५ अंश लागतात. पोलादाला चौदाशे अंशांच्याही वर जावे लागते. आता ते चित्र पुन्हा पाहा. अॅल्युमिनियमचे चाक वितळून गेले आहे. पण पोलादी सांगाडा जागेवर उभा आहे. चाकाच्या जागी नीट पाहिले तर बारीक तारेची गुंडाळी पडलेली दिसते. ती टायरच्या पोटातली पोलादी तार होय. रबर जळून गेले, चाक वाहून गेले, तार राहिली.

म्हणजे ती मोटार स्वतःच एक उष्णतामापक झाली आहे. साधारण साडेसहाशेच्या वर आणि चौदाशेच्या पुष्कळ खाली, असा निर्वाळा तिचे धातूच देत आहेत. यात अलौकिक काही नाही. ओतारी कोळसा आणि भाता यांवर एवढी उष्णता रोज काढतो. घरात पाणी आटून गेलेले अॅल्युमिनियमचे पातेले मोठ्या आचेवर विसरले, तर त्याचे बूड जाते, हे पुष्कळ गृहिणींना ठाऊक आहे. पेटलेल्या मोटारीच्या आत आठशे ते हजार अंशांची उष्णता होते. मग ती वणव्यात पेटलेली असो की भर रस्त्यात तारा एकमेकींना चिकटून पेटलेली असो. वणवा नसतानाही जळलेल्या गाड्यांखाली असेच ओघळ सापडतात.

दुसरा प्रश्न असा, की ही उष्णता आली कोठून? येथे बहुतेकांचे बोट पेट्रोलच्या टाकीकडे जाते. पेट्रोल जळते हे खरेच. पण टाकीत चाळीस लिटर पेट्रोल धरले तरी त्याचे वजन तीस किलो भरते. त्याच गाडीत शंभर किलोंहून अधिक प्लॅस्टिक असते. गाद्यांतला फेस, पुढची-मागची संरक्षक पट्टी, आतले अस्तर, वायरींची वेष्टणे, आणि शिवाय चार टायरांचे रबर. हे सारे मुळात खनिज तेलाचेच वंशज आहेत. किलोस किलो तोलले तर टायरचे रबर कोरड्या लाकडाच्या पावणेदोन पट उष्णता देते, आणि काही प्लॅस्टिके दुपटीहून अधिक. आम्ही जिला लोखंडी गाडी म्हणतो ती वस्तुतः चाकांवर ठेवलेली जळणाची रास आहे. लोखंड हे तिचे फक्त टोपले.

आता पाहा, की या राशीत चाकाची जागा कोणती? त्याच्या भोवती घट्ट बसविलेला टायर, म्हणजे रबराचे कडे. ते एकदा पेटले की सहजी विझत नाही. ओताऱ्याने मुशीभोवती निखारे रचावेत, तसे ते रबर अॅल्युमिनियमला चहूकडून वेढून जळते. एवढे झाल्यावर चाक वितळले नाही तरच नवल!

पण पहिली ठिणगी? तीही फार लहान असते. वणव्याच्या वाऱ्याबरोबर निखारे उडतात, झाडांच्या सालींचे आणि फांद्यांचे जळते तुकडे पावसासारखे पडतात. मोटारीच्या काचेखालच्या खाचेत वर्षभराचा पाचोळा साचलेला असतो. चाकाच्या वरच्या पोकळीत धूळ आणि काड्या असतात. गाडीखाली वाळलेले गवत असते. निखाऱ्याला एवढे पुरे होते. खिडकीची काच तडकली की तो आत जातो, आणि मग गाद्या पेटतात. पुढचे काम गाडीच गाडीचे करते.

येथे उत्तरपक्षातही दोन तट आहेत, तेही सांगितले पाहिजेत. एक म्हणतो, की गाडी जंगलाच्या ज्वाळेने जळते. दुसरा म्हणतो, की ती शेजारी जळणाऱ्या घराने जळते. अमेरिकेच्या वनखात्यातील शास्त्रज्ञ जॅक कोहेन यांनी या प्रश्नाच्या मुळाशी जाणारे काम केले. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात कॅनडाच्या उत्तरेस शास्त्रज्ञांनी जंगलाचे तुकडे मुद्दाम पेटवून शेंड्याशेंड्यांतून धावणारी आग अभ्यासली. कोहेन यांनी त्या आगीसमोर लाकडी भिंती उभ्या केल्या. दहा मीटरवरच्या काही भिंती पेटल्या. वीस आणि तीस मीटरवरच्या पेटल्या नाहीत. का? तर अशी ज्वाळा कितीही उंच असली तरी एका जागी तिचा पूर्ण भर जेमतेम एक मिनिट असतो. ती गरजत येते आणि पुढे जाते. याउलट घर पेटले की ते तासन् तास धगधगत राहते. त्याच्या अंगणात दोन हातांवर उभ्या असलेल्या गाडीची काय कथा? पॅराडाइजच्या घरांचा पुढे जो अभ्यास झाला त्यातही हेच दिसले, की एखादे घर वाचणे-न वाचणे हे पुष्कळ अंशी शेजारचे जळणारे घर किती जवळ होते यावर अवलंबून होते.

मात्र जंगलाच्या ज्वाळेला सर्वत्र निर्दोष ठरविता येणार नाही. पोर्तुगालमध्ये पेद्रोगाव ग्रांदे येथे १७ जून २०१७ रोजी जो वणवा लागला, त्यात सहासष्ट माणसे मेली. त्यांतली सत्तेचाळीस एका रस्त्यावर, आपापल्या गाड्यांत किंवा गाड्यांबाहेर पडून पळताना मेली. तेथे घरांची दाटी नव्हती. रस्त्याच्या दोन्ही अंगांना निलगिरी आणि पाइन यांची गर्दी होती. आणि कॅलिफोर्नियातील रेडिंग गावाजवळ २६ जुलै २०१८ रोजी आगीची प्रत्यक्ष वावटळ उठली. तिच्यातल्या वाऱ्याचा वेग ताशी सव्वादोनशे किलोमीटरांहून अधिक होता. अशा ठिकाणी जंगलाचा वाटा मोठा. म्हणून जाणकारांचा खरा वाद आहे तो जंगल, घर आणि गाडी यांच्या वाट्यांचा. आणि तो प्रत्येक जागी वेगळा तोडावा लागतो.

आता पूर्वपक्षाचे दुसरे वाक्य घेऊ. झाड कसे वाचले? हे कोडे आपण होळीच्या रात्री सोडवू शकतो. होळीपासून थोड्या अंतरावर आंब्याचे किंवा कडुनिंबाचे झाड असते. होळीकडच्या अंगाची पाने दुसऱ्या दिवशी करपलेली दिसतात. पलीकडची हिरवी असतात. आणि झाड काही जळत नाही. हिरव्या पाल्यात पाणी असते, पुष्कळदा त्याच्या सुक्या वजनाच्या बरोबरीने किंवा त्याहून अधिक. ते पाणी उकळून गेल्याखेरीज पान पेट घेत नाही, आणि पाणी उकळविण्यात फार उष्णता खर्ची पडते. जाड सालीचा बुंधा तर मिनिटभराच्या धगीला भीकही घालीत नाही. शिवाय धग अंतराबरोबर झपाट्याने ओसरते. मोटारीत हे पाणी नाही. तिच्यात आहे ते कोरडे जळण. म्हणून झाडाला 'हे कसे वाचले' असे विचारण्यापेक्षा गाडीला 'तू एवढी कशी जळलीस' असे विचारावे, म्हणजे उत्तर मिळते. सन २००० मध्ये न्यू मेक्सिकोतील लॉस अलामोस येथे वणव्यात घरे जळाली, तेव्हाही कोहेन यांनी हेच टिपले होते: राख झालेल्या घरांशेजारी न जळलेली झाडे. त्या गावी आग शेंड्यांवरून न येता निखाऱ्यांतून, जमिनीवरून, आणि मग घराकडून घराकडे गेली होती.

राहिले किरण. त्यांचीही परीक्षा करू. एखादी कल्पना नुसती हसण्यावारी नेणे हा तिचा परिहार नव्हे. हे किरण मायक्रोवेव्हच्या जातीचे मानले, तर स्वयंपाकघरातली त्या नावाची पेटी आठवा. तिच्या भिंती धातूच्याच असतात आणि त्या लहरी परतवितात; तापते ते भाजीतले पाणी. असे किरण गावावर पडते तर रसाने भरलेली झाडे आधी उकडून निघाली असती आणि मोटार थंड राहिली असती. चित्रात नेमके उलटे आहे. बरे, ते एकवटलेल्या प्रकाशाचे मानले, तर आकाशातून येणारा किरण आधी टपावर पडेल. टप आणि त्याखालचा सांगाडा ओलांडून तळाच्या चाकाला तेवढे वितळविणारा किरण कोणत्या शास्त्रात बसतो? आणि तो पोलाद सोडतो, अॅल्युमिनियम घेतो. म्हणजे नेमका धातूंच्या वितळण्याच्या क्रमानेच चालतो! जो किरण साध्या आगीचे सर्व नियम पाळतो, त्याला आग म्हणण्यास हरकत कोणती?

आमच्या देशातले एक उदाहरण येथे फार बोलके आहे. २३ फेब्रुवारी २०१९ रोजी बंगळूरजवळ यलहंका येथे विमानांचे प्रदर्शन भरले होते. प्रेक्षकांच्या मोटारी वाळक्या गवताच्या मैदानात दाटीने लावल्या होत्या. दुपारी गवत पेटले, वारा होता, आणि पाहता पाहता सुमारे तीनशे गाड्यांचे सांगाडे झाले. सुदैवाने माणसे वाचली. तेथे घनदाट अरण्य नव्हते, शंभर फुटी ज्वाळाही नव्हत्या. गवताने फक्त काडी लावली; एका गाडीने दुसरी पेटविली, दुसरीने तिसरी. वणव्यातल्या मोटारींचे सारे रहस्य त्या मैदानात भरदिवसा उघडे पडले होते.

श्रोतेहो, आता मूळ मुद्द्यावर येतो. गाडी आगीने जळाली की किरणांनी, याने मेलेल्यांना काय फरक पडतो, असे कोणी म्हणेल. फरक जिवंतांना पडतो. पॅराडाइजच्या वणव्याचे मूळ तपासाने शोधून काढले. डोंगरातून जाणाऱ्या विजेच्या वाहिनीवर एक लोखंडी आकडी होती, जवळजवळ शंभर वर्षांची जुनी, झिजत झिजत बारीक झालेली. त्या सकाळी ती तुटली, तार सुटून खांबावर घासली, आणि ठिणग्या खालच्या वाळल्या गवतावर पडल्या. सन २०२० मध्ये त्या वाहिनीच्या मालक कंपनीने, पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिकने, चौऱ्याऐंशी माणसांच्या मृत्यूस कारण झाल्याचा गुन्हा न्यायालयात कबूल केला. किरणांची कथा सांगणारा मनुष्य स्वतःस बलाढ्यांचा विरोधक समजतो. परंतु त्याच्या कथेने कोणाची सोय होते? झिजलेली आकडी वेळेवर न बदलणाऱ्याची! ज्याला जाब विचारता येतो तो निसटतो, आणि ज्याला विचारता येत नाही अशा आकाशाकडे सारे बोट दाखवीत बसतात.

दुसरा तोटा घरातला आहे. कारण कळले की उपाय कळतो. गाडी पाचोळ्यावर व वाळल्या गवतावर उभी करू नये; काचेखालची खाच साफ ठेवावी; ती घराच्या भिंतीला चिकटून लावू नये; घराभोवतीचे पहिले दीड-दोन मीटर तरी जळण्याजोगे काही ठेवू नये; आणि निघावयाचे तर रस्ते तुंबण्यापूर्वी, लवकर निघावे. आगीच्या वेढ्यात गाडीत अडकणे हा अखेरचा, फार धोक्याचा प्रसंग होय. तो आलाच तर ऑस्ट्रेलियातील अग्निशमन दले सांगतात, की झाडीपासून दूर, उघड्या जमिनीवर थांबावे, काचा आणि हवेची भोके बंद करावीत, दिवे चालू ठेवावेत, खिडकीच्या पातळीखाली वाकून लोकरीच्या पांघरुणाखाली अंग झाकावे आणि ज्वाळेची लाट पुढे जाऊ द्यावी; कारण माणसाला आधी मारते ती बाहेरची धग. लोकर सहजी पेट घेत नाही आणि नायलॉनसारखी वितळून अंगाला चिकटतही नाही. आमच्या धनगराच्या घोंगडीची महती तेथील लोकांस अशी पटलेली आहे.

किरणांवर विश्वास ठेवणाऱ्याच्या हाती यांतले काहीच राहत नाही. त्याने फक्त वाट पाहावयाची. भीतीचे हे लक्षण ओळखून ठेवावे: जी भीती माणसाला हातात झाडू घ्यावयास लावते ती उपकारक, जी हातातला झाडू खाली ठेवावयास लावते ती घातक.

आम्ही त्या तरुणास हे सारे सांगितले. शेवटी तो म्हणाला, "काका, मग दादाला एका वाक्यात काय सांगू?" आम्ही म्हणालो, "अरे, त्याला सांग, की वणवा नुसती काडी घेऊन येतो. जळण आपणच रचून ठेवलेले असते. ते आधी उचल."

चार दिवसांनी तो पुन्हा आला. या खेपेस मोबाइलवर चित्र होते ते भावाच्या अंगणाचे. पाचोळ्याचे तीन ढीग, गाडी फाटकाबाहेर फरसबंदीवर, आणि हातात दाताळे घेतलेली धाकटी मुलगी. चित्राखाली काही लिहिलेले नव्हते, आणि लिहिण्याची गरजही नव्हती.